वाचकांचे प्रश्न : बिलावर नाव एकाचं, वीज कुणाकुणाची?

गेल्या अंकात विजेबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं आणि मेलचा ढीगच पडला. त्यातले अर्धे तरी एकाच वळणाचे होते, वीज सरकारी असावी की खासगी. पण सगळे वाचल्यावर लक्षात आलं की 'वीज कंपनी' म्हणताना एकाच्या डोक्यात औष्णिक केंद्र असतं, दुसऱ्याच्या डोक्यात दारातला खांब आणि तिसऱ्याच्या डोक्यात नुसतं बिल. हे तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचं असू शकतं, बहुतेक वेळा असतंच. तेवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आमच्या गावात अजून सगळे एमएसईबीच म्हणतात, लाइनमनसुद्धा. बिलावर मात्र महावितरण. मग एमएसईबी गेली कुठे? कोयना कुणाची? (निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा)

सर, एमएसईबी म्हणजे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, 1960 साली राज्याबरोबरच सुरू झालेलं. त्याआधी पुणे, नागपूर अशा शहरांत वीज द्यायला खासगी कंपन्या होत्या, 1948 च्या कायद्याने राज्याराज्यांत मंडळं आली आणि हळूहळू बहुतेक ठिकाणी सगळा कारभार त्यांच्याकडे गेला. वीज तयार करायची, टॉवरच्या लाइनवरून आणायची, घरोघर द्यायची आणि पैसे वसूल करायचे, सगळं एकाच छताखाली. गावागावात वीज पोचली ती या मंडळांमुळे हे विसरून चालणार नाही, कारण नफ्याचा हिशोब मांडून कुठलीही कंपनी त्या काळी डोंगरातल्या वाडीवर खांब रोवायला गेली नसती.

मग 2003 चा विद्युत कायदा आला. त्यात म्हटलं की ही कामं वेगळी करा. महाराष्ट्रात जून 2005 मध्ये मंडळाचे तुकडे झाले. वीज बनवायला महानिर्मिती, मोठ्या लाइन आणि मोठी सबस्टेशन सांभाळायला महापारेषण, आणि तुमच्या डीपीपासून, म्हणजे वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरपासून, मीटरपर्यंत महावितरण. तिघींच्या डोक्यावर एक सूत्रधारी कंपनी आहे, तिच्या नावात एमएसईबी अजून शिल्लक आहे. चारही शंभर टक्के राज्य सरकारच्या मालकीच्या. कोयना महानिर्मिती चालवते, 1960 मेगावॉट. चंद्रपूरचं औष्णिक केंद्रही त्यांचंच, 2920 मेगावॉट.

पण तुमच्या घरातली वीज फक्त महानिर्मितीची नसते. मौदा आणि सोलापूरची केंद्रं एनटीपीसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या कंपनीची. तारापूर अणुऊर्जा महामंडळाचं, तेही केंद्राचं. तिरोड्याचं 3300 मेगावॉटचं केंद्र अदानी पॉवरचं, जयगडचं जेएसडब्ल्यूचं. महावितरण या अनेकांकडून करार करून वीज घेते, कमी पडली तर एक्स्चेंजवरून, म्हणजे विजेच्या बाजारातून, दिवसाच्या भावाने उचलते, आणि देशभर जिथे स्वस्त मिळेल तिथून आणू शकते कारण 31 डिसेंबर 2013 ला दक्षिणेची ग्रिड, म्हणजे मोठ्या लाइनचं जाळं, बाकी देशाशी जोडली गेली तेव्हापासून सगळा देश एकाच ग्रिडवर आहे.

एक गोष्ट जवळून सांगतो कारण मला ती फार महत्त्वाची वाटते. दिवसाचे 96 भाग पाडलेले असतात, प्रत्येक 15 मिनिटांचा. आदल्या दिवशी महावितरण प्रत्येक भागासाठी अंदाज देते की उद्या मला इतके मेगावॉट लागतील. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात बसलेले लोक मग कुठल्या केंद्रातला कुठला संच किती चालवायचा ते ठरवतात, आणि ते ठरवताना केंद्र सरकारी आहे का खासगी हे बघत नाहीत, ज्याचा इंधनाचा खर्च कमी ते आधी. याला मेरिट ऑर्डर म्हणतात. कोळसा खाणीपासून लांब असेल, वाहतूक महाग असेल, तर सरकारी केंद्रसुद्धा यादीत खाली जातं. आणि हे सगळं चालू असताना ग्रिडची फ्रीक्वेन्सी 50 हर्ट्झच्या आसपास राहिली पाहिजे. मागणी जास्त झाली की ती खाली घसरते, पुरवठा जास्त झाला की वर चढते, स्क्रीनवर दर क्षणाला दिसत असतं. 30 आणि 31 जुलै 2012 ला राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती, लाइनवर भार चढत गेला आणि पहिल्या दिवशी उत्तर भारत, दुसऱ्या दिवशी जवळपास अर्धा देश अंधारात गेला. तेव्हा तारांवर केंद्राची, राज्यांची आणि खासगी अशी सगळ्यांचीच वीज होती. मालकीने कुणी वाचलं नाही.

माझी बहीण अंधेरीला राहते, तिने कंपनी बदलली आणि बिल बदललं. मी मुलुंडला, मला महावितरण सोडून काही मिळत नाही. हा कुठला न्याय? (गृहिणी, मुलुंड)

ताई, तुमचा राग समजतो. यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

मुंबईत वीज सरकारने आणलीच नाही. 1905 साली ट्रॅम आणि वीज अशी एक खासगी कंपनी निघाली, ती 1947 मध्ये महापालिकेने घेतली, तीच आपली बेस्ट. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत तिचा भाग. टाटांनी 1915 मध्ये खोपोलीला जलविद्युत सुरू केली, पुढे भिवपुरी आणि भिरा, ती वीज मुख्यतः गिरण्यांना आणि रेल्वेला जायची. उपनगरात 1929 सालची बीएसईएस, ती पुढे रिलायन्सकडे गेली आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये अदानीकडे. आणि भांडुप-मुलुंड हा पट्टा एमएसईबीच्या वाट्याला आला होता म्हणून आज महावितरणकडे. म्हणजे एकाच शहरात महापालिकेची एक, राज्याची एक आणि खासगी दोन. देशात इतकी सरमिसळ दुसऱ्या शहरात क्वचितच असेल.

आता चॉइसचं. टाटांकडे मोठ्या भागाचं लायसन्स जुनंच होतं, पण घरगुती ग्राहकांना वीज देता येते का यावर वाद गेला थेट सुप्रीम कोर्टात. जुलै 2008 मध्ये निकाल आला की देता येते. त्यानंतर उपनगरात लोक भराभर कंपनी बदलू लागले. पण दारातली केबल काही बदलली नाही! बहुतेकांच्या घरात तार जुन्याच कंपनीची राहिली, वीज कागदोपत्री टाटांची झाली आणि तार वापरल्याबद्दल भाडं लागलं, बिलात 'वहन आकार' म्हणून दिसतं ते हेच. याला चेंजओव्हर म्हणतात. नवी कंपनी स्वतःची केबल टाकून देत असेल तर तो स्विचओव्हर. बेस्टच्या भागात मात्र चेंजओव्हर होत नाही कारण वीज वाटणाऱ्या पालिकेसारख्या संस्थेला आपल्या तारा दुसऱ्याला वापरू द्यायची सक्ती 2003 च्या कायद्यात नाही.

मुलुंडमध्ये असं होऊ शकतं का? कायदा म्हणतो एकाच भागात दोन लायसन्स देता येतात. 2022 मध्ये अदानी समूहाच्या कंपनीने भांडुप-मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण अशा पट्ट्यासाठी समांतर लायसन्सचा अर्ज केला होता. त्यावरून तिन्ही सरकारी वीज कंपन्यांचे कर्मचारी 4 जानेवारी 2023 ला संपावर गेले, त्याच दिवशी सरकारशी बोलणी होऊन संप मिटला. त्यांचं म्हणणं मला बाजूला टाकण्यासारखं वाटत नाही. हा पट्टा वेळेवर बिल भरणारा, कारखाने-मॉल असलेला. इथला ग्राहक गेला की मेळघाटातल्या आणि मराठवाड्यातल्या ग्राहकाचा बोजा उचलायला महावितरणकडे उरतं कोण? तुमचं बिल थोडं कमी होईलही, पण ते कुणाच्या तरी बिलात जाऊन बसेल. चॉइस द्यायला माझा विरोध नाही, पण हा हिशोब आधी उघडपणे मांडला पाहिजे आणि मगच लायसन्स द्यावं.

12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई बंद पडली तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळे आपापल्या वीज कंपनीला शिव्या घालत होते. चूक त्यांची होती का? (कॉलेज विद्यार्थी, दादर)

नाही. त्या सकाळी महापारेषणच्या कळवा-पडघा भागातल्या 400 केव्हीच्या लाइन एकामागून एक गेल्या आणि बाहेरून मुंबईत येणारी वीज तुटली. लोकल जागच्या जागी थांबल्या. बेस्ट, टाटा, अदानी कुणाचंही बिल भरत असाल तरी मुंबईत वीज येते ती मुख्यतः त्याच मोजक्या लाइनवरून. शहराबाहेर गडबड झाली तर मुंबई आपोआप वेगळी होऊन स्वतःच्या केंद्रांवर चालू राहावी अशी सोय आहे, आयलँडिंग म्हणतात त्याला, पण त्या दिवशी शहरातली निर्मिती भाराला पुरी पडली नाही आणि तीही सोय कोसळली.

शेतीला रात्रीच लाइट का देतात? साप-विंचवात मोटर चालू करायला जायचं. खासगी कंपनी आली तर दिवसा देईल का? (शेतकरी, बीड जिल्हा)

भाऊ, आधी हे सांगतो की रात्रीच्या पाळीत पाणी द्यायला गेलेली माणसं सर्पदंशाने, शॉक लागून गेलीत, त्यामुळे हा प्रश्न नुसत्या सोयीचा नाहीच.

कारण असं की शेतीचे फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाइन, वेगळे काढलेत आणि थ्री फेज वीज पाळीपाळीने दिली जाते, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. रात्री शहरांची, कारखान्यांची मागणी कमी असते म्हणून तेव्हा शेतीकडे वळवणं कंपनीला सोपं जातं. शेतीचा दर खर्चापेक्षा खूप कमी, फरक भरून निघतो काही उद्योग-दुकानांच्या जास्त दरातून, त्याला क्रॉस सबसिडी म्हणतात, आणि काही सरकारच्या अनुदानातून. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतंय. पण सरकारचं अनुदान वेळेवर आलं नाही की कंपनीची थकबाकी वाढते, मग डीपी जळाली तर नवी यायला आठवडा लागतो, गावातले लोक वर्गणी काढून ट्रॅक्टरवर डीपी घालून नेतात आणि आणतात. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. फुकट वीज मिळण्यापेक्षा डीपी वेळेत मिळणं जास्त महत्त्वाचं असं बरेच शेतकरी सांगतात आणि मला ते शंभर टक्के पटतं.

खासगी कंपनीचं विचाराल तर तोट्याच्या फीडरवर कोण आपणहून येईल? पण दुसऱ्या वाटेने खासगी भांडवल तुमच्यापर्यंत पोचतंय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनच्या जवळ छोटे सोलर प्लांट उभे राहतायत, ते खासगी कंपन्या उभारतात, 3 रुपये युनिटच्या आसपास महावितरणला वीज विकतात आणि ती तिथल्या शेती फीडरला दिवसाच मिळते कारण सूर्य दिवसाच असतो. म्हणजे बनवणारा खासगी, तार सरकारी, बिल सरकारच्या खात्यातून. ही मांडणी मला चांगली वाटते. तुमच्या सबस्टेशनला प्लांट जोडलाय का, नसेल तर जागा कुणी दिली नाही म्हणून अडलंय का, हे ग्रामपंचायतीत आणि सबस्टेशनला जाऊन विचारा. बऱ्याच ठिकाणी गाडं जागेवरच अडतं.

सरळ सांगा, खासगीकरण चांगलं की वाईट? दिल्लीचं उदाहरण सगळे देतात. (खासगी नोकरदार, पुणे)

सरळ सांगतो, पण दोन वाक्यांत नाही जमणार.

आधी चित्र बघा. देशातली वीजनिर्मितीची क्षमता आज निम्म्याच्या आसपास खासगी आहे, म्हणजे निर्मितीत खासगीकरण कधीच होऊन गेलंय. राज्याराज्यांमधल्या मोठ्या लाइन मुख्यतः पॉवर ग्रिडच्या, केंद्राच्या, पण नव्या लाइनसाठी बोली लावून खासगी कंपन्याही येतात. वाटपात मात्र बहुतेक देश राज्य सरकारांच्या कंपन्यांवर आहे. खासगी बेटं थोडीच, कोलकाता, अहमदाबाद, सुरत, मुंबईचा भाग, दिल्ली, ओडिशा, अलीकडे चंडीगड. त्यामुळे तुमचा प्रश्न खरं तर शेवटच्या तुकड्याचा आहे, डीपी ते मीटर.

दिल्लीत 2002 मध्ये हे झालं, 51 टक्के खासगी, 49 टक्के सरकार. तेव्हा निम्म्याहून जास्त वीज गळती आणि चोरीत जात होती, आता ते प्रमाण 10 टक्क्यांच्या आत आलंय. ही फार मोठी गोष्ट आहे, मान्यच करायला हवी. पण दुसरी बाजू कमी लोक सांगतात. दर वाढवले तर लोक चिडतील म्हणून कंपन्यांचा झालेला खर्च वर्षानुवर्षं दरात धरलाच नाही, तो 'नंतर वसूल करू' म्हणून वहीत मांडून ठेवला, व्याजासकट. त्याला रेग्युलेटरी असेट म्हणतात आणि दिल्लीत तो हजारो कोटींवर गेला. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा रकमा ठरलेल्या मुदतीत संपवा असं बजावलं. म्हणजे आज कमी दिसणारं बिल उद्याच्या ग्राहकाच्या नावावर चढवलेलं होतं, आणि हे खासगीत झालं.

ओडिशा त्याच्याही आधीचं, 1999. चार भाग केले, एक भाग अमेरिकन कंपनी एईएसकडे, तीन बीएसईएसकडे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाचक्रीवादळ आलं, खांब आडवे झाले, एईएस 2001 मध्ये निघून गेली. उरलेल्या तिघांची लायसन्स 2015 मध्ये तिथल्या वीज नियामक आयोगाने, म्हणजे दर आणि लायसन्स ठरवणाऱ्या संस्थेने, रद्द केली. मग 2020-21 मध्ये चारही भाग टाटा पॉवरकडे गेले. तेच राज्य, तीच गरिबी, आणि वीस वर्षांत एक प्रयोग फसला, दुसरा चाललाय. म्हणून नुसतं 'खासगी' म्हणून काही कळत नाही, कुठल्या अटींवर आणि कुणाशी ते बघायला लागतं.

आपल्याकडे लायसन्स न देता फ्रँचायझी नेमण्याचा रस्ता निवडला. भिवंडीत जानेवारी 2007 पासून टोरंट आहे. लायसन्स महावितरणचं, दर आयोगाचा, टोरंटने वीज घाऊक घ्यायची, वाटायची, वसूल करायची. यंत्रमागांचं गाव, चोरी प्रचंड, ती खूप खाली आली. तेच मॉडेल 2011 मध्ये नागपूर, औरंगाबाद, जळगावला नेलं आणि तिन्हीकडून कंपन्या गेल्या, नागपूर सर्वात शेवटी, 2019 मध्ये परत महावितरणकडे आलं. फ्रँचायझीने पैसे थकवले, गुंतवणूक केली नाही, असे आरोप झाले आणि शेवटी शहर सावरायला परत तेच सरकारी लाइनमन आले.

माझं मत विचाराल तर चोरी पकडणं, मीटर बदलणं, वसुली यात खासगी कंपनी उजवी ठरते कारण तिथे आमदाराचा फोन चालत नाही किंवा कमी चालतो. पण जिथे ग्राहक विरळ आहे, गरीब आहे, तिथे सरकारी कंपनी लागतेच. आणि दोन्हीकडे आयोग खंबीर नसेल तर ग्राहक मारच खातो.

आयोग आयोग म्हणता, पण एन्रॉनच्या वेळी कुठे होता आयोग? आणि आता दर ठरवताना आम्हाला कोण विचारतं? (ज्येष्ठ वाचक, रत्नागिरी)

काका, तेव्हा नव्हताच. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ कंपनीशी वीज घेण्याचा करार झाला 1993 मध्ये, 1995 मध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला, पुढच्याच वर्षी पुन्हा मंजूर केला, 1999 मध्ये गुहागरला पहिला टप्पा सुरू झाला आणि 2001 मध्ये मंडळाने ही वीज परवडत नाही म्हणून घेणं बंद केलं. मोठा फटका बसला तो 'वीज घ्या नाहीतर नका घेऊ, क्षमतेचे पैसे द्या' या अटीमुळे. करार बंद दाराआड झाला होता. राज्याचा वीज नियामक आयोग आला 1999 मध्ये, तोवर कागद सह्या होऊन गेले होते.

ती अट अजून गेलेली नाही, हे लोकांना माहीत हवं. आजही औष्णिक केंद्राशी करार केला की दोन भागांत पैसे असतात, एक इंधनाचा, वीज घेतली तरच, दुसरा स्थिर, केंद्र तयार उभं असलं की घेतली नाही तरी. मागणीचा अंदाज चुकून जास्त करार झाले की न वापरलेल्या विजेचे स्थिर पैसे तुमच्या माझ्या दरात येतात. यात सरकारी केंद्रही आलं आणि खासगीही.

फरक इतकाच की आता हे कागद बघता येतात. महावितरणला, टाटांना, अदानीला, बेस्टला, सगळ्यांना दरासाठी आयोगाकडे याचिका करावी लागते, ती वेबसाइटवर टाकावी लागते, पेपरात जाहिरात द्यावी लागते आणि जनसुनावणी होते. कुणीही हरकत लिहून पाठवू शकतं, वकील लागत नाही, फी नाही. पुण्यातली प्रयाससारखी संस्था, ग्राहक संघटना वर्षानुवर्षं तिथे आकडे घेऊन उभ्या राहतात आणि कंपन्यांनी मागितलेला खर्च कापला गेलाय तो अशा हरकतींमुळेसुद्धा. तरी सुनावणीच्या हॉलमध्ये सामान्य घरगुती ग्राहक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात याचं मला खरोखर वाईट वाटतं. रत्नागिरीच्या लोकांनी तर यायलाच हवं, तुमच्याच जिल्ह्यात हे घडलंय.

बिल चुकीचं आलंय, ऑफिसात कुणी ऐकत नाही. पुढे कुठे जायचं? (वाचक, नाशिक)

कंपनी सरकारी असो की खासगी, रस्ता एकच. आधी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही. नीट उत्तर मिळालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, महावितरणच्या परिमंडळ पातळीवर तो असतो. प्रकरण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जावं लागतं. मंचाचा आदेश पटला नाही तर 60 दिवसांत विद्युत लोकपाल, मुंबई आणि नागपूरला ऑफिसं आहेत. सोबत मागच्या वर्षभराची बिलं, मीटरचा तारखेसह फोटो आणि पोच घेतलेली तक्रार जोडा. मीटर फास्ट पळतोय असं वाटत असेल तर टेस्टिंगचा अर्ज वेगळा द्या आणि टेस्टिंगच्या वेळी स्वतः तिथे हजर राहा.